‘अंगात रक्त नाही’ एवढ्यावर थांबू नका: ल्युपसच्या रुग्णांत सुटणारं एक निदान आणि कोल्हापूरकरांसमोरचा प्रश्न

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या दर शंभर महिलांपैकी ५४ जणींना ॲनिमिया आहे, म्हणजे आपल्या भाषेत ‘अंगात रक्त कमी’ आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला, २०१९ ते २०२१ या काळातला हा आकडा. त्याआधीच्या फेरीत तो ४८ होता. म्हणजे लोहाच्या गोळ्या वाटल्या जात असताना प्रमाण कमी व्हायचं सोडून वाढलं. २०१८ पासून ‘ॲनिमिया मुक्त भारत’ मोहीम चालू आहे. अंगणवाडीपासून शाळेपर्यंत गोळ्या पोहोचतायत, गल्लोगल्लीच्या आरोग्य शिबिरांत बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन मोजलं जातंय.

हे काम चुकीचं नाही. आपल्याकडच्या बहुतेक बायकांचा ॲनिमिया हा लोहाच्या कमतरतेचाच असतो आणि गोळ्यांनी तो बराही होतो. पण आजार इतका सर्रास झाला की त्याचं कारण कुणी विचारत नाही. घरात सासू म्हणते, ‘बायकांना असतंच.’ दवाखान्यात गोळ्यांची पट्टी लिहून दिली जाते. ‘रक्त कमी आहे’ हे वाक्य उत्तर म्हणून ऐकलं जातं, खरं तर तिथून प्रश्न सुरू व्हायला हवा. या सवयीची सर्वांत मोठी किंमत काही मोजके रुग्ण देतात. त्यांच्या अंगात रक्त तयार होतंय, पण शरीर स्वतःच ते फोडून टाकतंय. ल्युपस या आजाराच्या रुग्णांमध्ये हे घडतं, आणि ते ओळखायला लागणाऱ्या तपासण्या साध्या आहेत. अडचण आहे ती त्या वेळेवर सांगितल्या जाण्याची.

आधी ल्युपस समजून घेऊ

शरीराची रोगप्रतिकारक शक्ती जंतूंशी लढण्यासाठी असते. ल्युपसमध्ये ती आपला-परका हा फरक विसरते आणि स्वतःच्याच अवयवांवर चालून जाते. सांधे, त्वचा, मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू, रक्त, कुठेही तिचा हल्ला होऊ शकतो. साधारण दहा रुग्णांत नऊ महिला असतात, आणि त्याही बहुतांश तरुण, म्हणजे लग्न, बाळंतपण, लहान मुलं या वयातल्या.

दिल्लीजवळ झालेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखामागे सुमारे तीन रुग्ण आढळले होते. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या पावणेएकोणचाळीस लाखांच्या घरात आहे. तोच जुना हिशेब लावला तरी जिल्ह्यात सव्वाशेच्या आसपास रुग्ण निघतात. त्या पाहणीनंतर ओळखण्याच्या पद्धती सुधारल्या, त्यामुळे हा अंदाज कमीतकमी म्हणूनच धरावा. आजार जात-धर्म पाहून येत नाही, तेव्हा हे रुग्ण प्रत्येक समाजात आहेत, आपल्या मोहल्ल्यांतही.

ल्युपसच्या साधारण दहातल्या एका रुग्णाला कधी ना कधी ‘ऑटोइम्यून हिमोलिटिक ॲनिमिया’ होतो. नाव लांबलचक आहे, पण अर्थ सोपा. शरीर तांबड्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. त्या अँटीबॉडी पेशींना चिकटतात. मग प्लीहा, म्हणजे डाव्या बरगडीखालचा अवयव, त्या पेशींना कचरा समजून गिळतो. एरवी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. इथे ती काही दिवसांत संपते. हाडातली मज्जा नव्या पेशी बनवण्याचा जोर लावते, पण मोडतोडीचा वेग जास्त असेल तर हिमोग्लोबिन आठवड्याभरात, कधी त्याहूनही लवकर, धोक्याच्या पातळीवर घसरतं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. काही जणींमध्ये रक्ताचा हा त्रास आधी येतो आणि ल्युपसची बाकीची लक्षणं काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी दिसतात. म्हणून असा ॲनिमिया निघाला की ल्युपसची एएनए तपासणी करायची, आणि ल्युपस असलेल्या रुग्णाचं रक्त घसरलं की या ॲनिमियाची शंका घ्यायची. वाट दोन्ही बाजूंनी चालायची असते.

चुकतं कुठे?

समजा, इचलकरंजीतली तिशीतली एक बाई आहे. नवरा यंत्रमागावर, ती घरी शिलाईकाम करते. वर्षभर बोटांचे सांधे दुखतात, केस गळतात, तोंड येतं, उन्हात गेलं की गालावर लाली चढते. आता महिन्याभरात जिना चढताना धाप लागायला लागली. तिच्यासमोर साधारण तीन वाटा असतात आणि तिन्ही वाटांवर निदान सुटू शकतं.

पहिली वाट लोहाच्या गोळ्यांची. हिमोग्लोबिन ७ निघालं, गोळ्या आणि टॉनिक सुरू. महिन्यानंतर पुन्हा मोजलं तर ६. मग गोळी बदलली, किंवा सलाईनमधून लोह दिलं. पेशी फुटतायत हे कुणी तपासलंच नाही, कारण लोह देऊनही रक्त का चढत नाही हा प्रश्न कुणाला पडला नाही.

दुसरी वाट काविळीची. पेशी फुटल्या की त्यातून बिलिरुबिन तयार होतं, आणि डोळे पिवळे दिसायला लागतात. आपल्याकडे पिवळे डोळे म्हणजे यकृताची कावीळ, हे समीकरण पक्कं आहे. कुणी गावठी औषध घेतं, कुणी नाकात थेंब टाकून घेतं, कुणी काविळीची माळ घालतं, कुणी दम करून आणतं. तेल-तिखट बंद होतं, उसाचा रस सुरू होतो. दुआ करायला कुणाची हरकत नाही, पण दुआ इलाजाची जागा घेत नाही. प्रत्येक आजाराला इलाज आहे आणि तो शोधला पाहिजे, हीच तर पैगंबर साहेबांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलोय. या दोन-तीन आठवड्यांत हिमोग्लोबिन ७ वरून ४ वर येऊ शकतं.

तिसरी वाट पुड्यांची. सांधेदुखीवर कुणीतरी पांढऱ्या पुड्या देतं, आणि त्यांनी जादूसारखं बरं वाटतं. अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. त्याने दुखणं दबतं, गालावरची लाली जाते, पेशी फुटणंही थोडं कमी होतं. पुड्या थांबल्या की सगळं एकदम उसळून येतं. दरम्यान आजाराच्या खुणा झाकल्या गेल्यामुळे डॉक्टरांनाही चित्र नीट दिसत नाही.

यात आपल्या घरांमधली आणखी एक अडचण मिसळते. बाईचं दुखणं शेवटी बघितलं जातं. दवाखान्यात सोबत यायला पुरुष माणूस मोकळा नसतो. डॉक्टर पुरुष असेल तर ती अंगावरचे चट्टे दाखवायला, पाळीबद्दल किंवा पडलेल्या गर्भाबद्दल बोलायला लाजते. ल्युपसच्या निदानात तर नेमके हेच धागे महत्त्वाचे असतात. यावर उपाय साधा आहे: हे सगळं कागदावर लिहून न्यायचं, आणि सोबत घरातली एखादी जाणती बाई न्यायची.

हा धडा मुंबईनेच जगाला दिला

सगळा ॲनिमिया लोहाचा नसतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला पटवण्यात आपल्याच राज्याचा मोठा वाटा आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरणी कामगारांच्या वस्तीतल्या गरोदर बायकांना एक विचित्र ॲनिमिया होत होता. त्यात पेशी आकाराने मोठ्या दिसत आणि अनेक बायका दगावत. गरीब मुस्लिम घरांतल्या बायकांत तो जास्त आढळत होता. विल्स यांनी त्यांचं खाणं-पिणं, राहणीमान बारकाईने तपासलं. ताज्या भाज्या, फळं, दूध त्यांच्या ताटात जवळपास नव्हतंच. यीस्टचा अर्क दिल्यावर त्या बायका बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं, आणि त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला.

आज गरोदरपणात प्रत्येक बाईला फॉलिक ॲसिडची गोळी मिळते, त्यामागे मुंबईतल्या त्या बायका आहेत. तेव्हा ‘बायकांना असतंच’ म्हणून विषय सोडला असता तर हा शोध लागला नसता. पेशी फुटण्याच्या ॲनिमियातही हीच गोळी दिली जाते, कारण नव्या पेशी भराभर बनवताना शरीरातला फॉलिक ॲसिडचा साठा संपतो.

निदान कसं होतं?

ल्युपसच्या रुग्णाचं रक्त कमी होण्याची कारणं एक-दोन नाहीत. जुनाट सुजेमुळे होणारा ॲनिमिया सर्वांत जास्त आढळतो. पाळीत जास्त रक्तस्राव किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे पोटात रक्तस्राव झाला तर लोह कमी होतं. मूत्रपिंडावर परिणाम झाला तरी रक्त घटतं. अझाथायोप्रिनसारखी काही औषधं मज्जेचं काम मंदावतात. म्हणून डॉक्टरांचा पहिला प्रश्न असा असतो: रक्त बनत कमी आहे, वाहून जातंय, की फुटतंय?

त्यासाठीचा क्रम असा असतो.

पहिली, सीबीसी. यात हिमोग्लोबिनसोबत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही पाहायच्या. ल्युपसमध्ये या दोन्ही कमी असू शकतात.

दुसरी, रेटिक काउंट, म्हणजे नव्या, कोवळ्या तांबड्या पेशींचं प्रमाण. एरवी ते साधारण अर्धा ते अडीच टक्के असतं. पेशी फुटत असतील तर मज्जा नव्या पेशी पाठवते आणि प्रमाण वाढतं. लोह कमी असताना ते वाढत नाही. एवढी एक साधी तपासणी दोन वाटा वेगळ्या करते, आणि नेमकी तीच अनेकदा सांगितली जात नाही. मात्र मज्जाच दबलेली असेल, किंवा लोह, बी-१२, फॉलिक ॲसिड कमी असेल तर पेशी फुटत असूनही रेटिक वाढलेलं दिसत नाही.

तिसरी, स्मिअर. रक्ताचा थेंब काचेवर पसरून पॅथॉलॉजिस्ट डोळ्यांनी पाहतात. या ॲनिमियात चपट्या पेशींऐवजी गोळीसारख्या गोल पेशी दिसतात. कधी पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या झालेल्या दिसतात. यंत्राचा छापील रिपोर्ट हे सांगत नाही, म्हणून ‘स्मिअर डॉक्टरांनी बघितलाय का?’ हे विचारायला लाजू नका.

चौथी, बिलिरुबिन आणि एलडीएच. पेशी फुटण्याच्या काविळीत ‘इनडायरेक्ट’ बिलिरुबिन वाढतं, एलडीएचही वाढतो. सोय असेल तिथे हॅप्टोग्लोबिन करतात, ते घटलेलं असतं. पण सूज असली की हॅप्टोग्लोबिन मुळातच वाढतं, त्यामुळे ल्युपसमध्ये ते फसवू शकतं. एलडीएचबाबतही सावध राहावं लागतं. नमुना तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवरून तासन्‌तास प्रवास करून आला आणि नळीतच पेशी फुटल्या, तर तो विनाकारण जास्त येतो.

पाचवी, आणि निर्णायक, कूम्ब्स तपासणी. केंब्रिजमध्ये रॉबिन कूम्ब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ मध्ये ती मांडली. पेशींना अँटीबॉडी चिकटल्यात का, हे ती थेट दाखवते. इथे एक घोळ होतो. आरएच निगेटिव्ह गरोदर बायकांची जी तपासणी होते ती ‘इनडायरेक्ट’ कूम्ब्स, आयसीटी. ती पेशींना नव्हे, तर सीरममध्ये फिरणाऱ्या अँटीबॉडी शोधते. या ॲनिमियासाठी ‘डायरेक्ट’ कूम्ब्स हवी, तिला डीसीटी किंवा डॅट म्हणतात. चिठ्ठीवर नुसतं ‘कूम्ब्स’ लिहिलेलं असेल तर लॅबमध्ये विचारून घ्या. या तपासणीचं मूळ रसायन रक्तपेढीत रक्त जुळवतानाही लागतं. त्यामुळे छोट्या लॅबमध्ये सोय नसली तरी मोठ्या रुग्णालयाच्या रक्तपेढीत ती होऊ शकते.

पॉझिटिव्ह म्हणजे आजार पक्का का?

नाही, आणि इथेच जाणत्या डॉक्टरांची गरज लागते. ल्युपसच्या काही रुग्णांत कूम्ब्स पॉझिटिव्ह असते, पण पेशी फुटत नसतात. नुसत्या त्या कागदावर जोरदार स्टिरॉइड सुरू करणं चूक ठरेल. उलट, खऱ्याखुऱ्या आजारातही शंभरातल्या पाच-दहा जणांची कूम्ब्स निगेटिव्ह येते. म्हणून घसरलेलं हिमोग्लोबिन, फुटण्याच्या खुणा आणि कूम्ब्स, या तिन्ही गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात.

औषधांचीही यादी द्यावी लागते. गरोदरपणात रक्तदाबासाठी दिली जाणारी मिथाइलडोपा आणि सेफ्ट्रिॲक्सोनसारखी काही अँटिबायोटिक्स यांच्यामुळेही असा ॲनिमिया होऊ शकतो.

सर्वांत धोक्याचा सारखा दिसणारा आजार म्हणजे टीटीपी. त्यातही पेशी फुटतात, पण प्लेटलेट फार खाली जातात, स्मिअरमध्ये तुटलेल्या पेशींचे तुकडे दिसतात आणि कूम्ब्स सहसा निगेटिव्ह असते. त्याला प्लाझ्मा बदलण्याचा तातडीचा इलाज लागतो, तिथे काही तासही मोलाचे असतात. दुसरीकडे, कूम्ब्स पॉझिटिव्ह ॲनिमिया आणि प्लेटलेट कमी, दोन्ही एकत्र असतील तर ते इव्हान्स सिंड्रोम असू शकतं. हा फरक घरच्यांनी करायचा नाही, पण ‘स्मिअर आणि प्लेटलेट काय सांगतात?’ हे विचारायचं.

निदानाचं वजन आणखी एका कारणाने मोठं आहे. ल्युपस ठरवण्याच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत एएनए पॉझिटिव्ह असणं ही पहिली अट आहे, आणि त्यानंतर लक्षणांना गुण देऊन किमान १० गुण लागतात. त्यात या ॲनिमियाला ४ गुण आहेत. म्हणजे सांधेदुखीवर वर्षभर अडकलेलं निदान या एका शोधाने मार्गी लागू शकतं.

‘रक्त जुळत नाही’ म्हणजे काय?

नातेवाइकांची सर्वांत जास्त घबराट इथे होते. हिमोग्लोबिन ४ वर आलंय, दहा पोरं रक्त द्यायला उभी आहेत, आणि रक्तपेढी सांगते, ‘एकही बाटली जुळत नाही.’ मग वाद होतात, माणसं दुसऱ्या गावाच्या रक्तपेढ्यांत धावत सुटतात.

कारण असं की रुग्णाच्या अँटीबॉडी फक्त स्वतःच्या पेशींनाच नाही, तर जवळपास सगळ्यांच्याच पेशींना चिकटतात. त्यामुळे भाऊ, बाप, दोस्त, कुणाचंही रक्त तपासलं तरी ते जुळत नसल्याचं दिसतं. दाते वाढवून हा प्रश्न सुटत नाही. रक्तपेढीला वेळ लागतो. त्या गोंधळात आधीच्या बाळंतपणामुळे किंवा आधी घेतलेल्या रक्तामुळे तयार झालेली दुसरी अँटीबॉडी लपली नाही ना, हे त्यांना शोधायचं असतं. त्यातून सर्वांत सुरक्षित बाटली निवडली जाते. जीव धोक्यात असेल तर पूर्ण जुळण्याची वाट न पाहता डॉक्टर सावकाश, नजर ठेवून रक्त देतात, आणि ते बरोबरच असतं.

घरच्यांनी दोन गोष्टी कराव्यात. याआधी कधी रक्त दिलं गेलं, किती बाळंतपणं आणि गर्भपात झाले, हे रक्तपेढीला लगेच सांगावं. आणि तपासणीचे नमुने शक्यतो रक्त आणि स्टिरॉइड देण्याआधी घेतले गेले का, हे विचारावं. बाहेरचं रक्त मिसळलं की चित्र धूसर होतं. मात्र प्रकृती गंभीर असेल तर नमुन्यापायी इलाज थांबवायचा नाही.

रक्त न जुळण्याच्या कोड्यातून मुंबईने आणखी एक शोध दिलाय. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट जगासमोर आणला. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली संस्था आज परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था, म्हणजे एनआयआयएच, या नावाने काम करते. अवघड नमुन्यांसाठी असं ज्ञान आपल्याच राज्यात आहे.

कोल्हापुरात काय आहे, काय हवं?

दसरा चौकात राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने १९०६ मध्ये सुरू झालेलं मुस्लिम बोर्डिंग आहे. तिथून जवळच सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे, आणि त्याला शाहू महाराजांच्याच नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे. पलीकडे मिरजेत आणखी एक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. एका टप्प्यावर शिक्षण आणि एका टप्प्यावर इलाज, अशी दोन्ही दारं या शहरात शेजारी आहेत. त्यामुळे निदान पुण्या-मुंबईलाच होतं, हा समज सोडायला हवा. पहिल्या टप्प्याच्या तपासण्या इथेच होऊ शकतात.

खरा खड्डा आहे तो गल्लीतला दवाखाना आणि मोठं रुग्णालय यांच्यामध्ये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या, यादीतल्या उपचारांसाठी आहे. दाखल होण्याआधी, ओपीडीच्या टप्प्यावर ज्या चार-पाच तपासण्यांनी निदान होतं, त्यांचा खर्च अनेकदा कुटुंबाच्या खिशातूनच जातो. हातावर पोट असलेलं घर तिथेच अडतं. मग रुग्ण योजनेत बसेपर्यंत आजार गंभीर झालेला असतो.

सरकारच्या मोजणीतही बदल होतोय. बोटातून घेतलेल्या थेंबावरून येणाऱ्या आकड्यांवर शंका घेतली गेली. पुढच्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून ॲनिमिया वगळून, शिरेतल्या रक्तावर आधारलेल्या वेगळ्या आहार व बायोमार्कर सर्वेक्षणाकडे तो सोपवण्यात आला. किती जणींना ॲनिमिया आहे, हे त्यातून जास्त अचूक कळेल. पण कुणाचा ॲनिमिया कशामुळे, हा प्रश्न दवाखान्यातच सुटायचा आहे.

आपला समाज इथे काय करू शकतो, याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. २०२० च्या रमजानमध्ये, लॉकडाऊनच्या काळात, इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने जकात आणि देणग्यांतून ३६ लाख रुपये जमवून तिथल्या आयजीएम रुग्णालयाला दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. ईदच्या दिवशी त्याचं उद्‌घाटन झालं, आणि त्याचा उपयोग सगळ्याच समाजांना झाला. खाटा, ऑक्सिजन, रुग्णवाहिका यांसाठी आपण पैसे काढतो, कारण ते डोळ्यांना दिसतं. तपासणी दिसत नाही. पण वेळेवर झालेली तपासणी कुणाची तरी अतिदक्षता विभागातली खाटच वाचवते.

म्हणून सुचवावंसं वाटतं. मशिदी, मदरसे, जमातखाने, तरुण मंडळं जी आरोग्य शिबिरं घेतात, त्यात हिमोग्लोबिन मोजून गोळ्या वाटण्यावर थांबू नये. ज्या बाईचं हिमोग्लोबिन ८ च्या खाली आहे, किंवा गोळ्या खाऊनही महिन्याभरात चढलेलं नाही, किंवा सोबत सांधेदुखी, पिवळे डोळे, उन्हाने येणारी गालावरची लाली, वारंवार पडलेले गर्भ यातलं काही आहे, तिला रेटिक काउंट, स्मिअर, बिलिरुबिन आणि डायरेक्ट कूम्ब्स करून रुग्णालयापर्यंत पोहोचवायची जबाबदारी शिबिराने घ्यावी. अशा बायका थोड्याच निघतील. जकातीच्या रकमेतून गरजू रुग्णांचा हा खर्च करता येतो का, हे आपापल्या आलिमांना विचारून ठरवता येईल.

घरच्यांनी लक्षात ठेवायचं

ल्युपसच्या रुग्णाची एक फाइल ठेवा. हिमोग्लोबिनचे जुने आकडे तारखेसह लावा. ९ वरून ७ हे दोन वर्षांत झालं की दोन आठवड्यांत, यावर इलाजाची दिशा ठरते.

बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, चक्कर, गडद कोलासारखी लघवी, अंगावर लाल ठिपके, बरळणं, एका पायाला अचानक सूज, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. या आजारात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोकाही वाढतो.

स्टिरॉइड हा या ॲनिमियाचा पहिला इलाज आहे आणि बहुतेकांना तो लागू पडतो. मात्र बरं वाटलं म्हणून ते मनाने एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनचंही तेच. २०२० मध्ये कोविडच्या नावाखाली या गोळीवर उड्या पडल्या, तेव्हा ती रोज लागणाऱ्या ल्युपसच्या रुग्णांची पंचाईत झाली. गोळी संपण्याआधीच पुढची आणून ठेवा.

घरात साखरेचा आजार असेल तर आणखी एक सापळा आहे. पेशी लवकर फुटत असतील तर तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी खोटी कमी येते. स्टिरॉइडने तर साखर वाढते. तेव्हा रोजची साखर मोजूनच अंदाज घ्या.

रमजानबद्दल दरवर्षी विचारणा होते. आजारी माणसाला रोज्यातून सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. पेशी फुटण्याचा जोर असताना, स्टिरॉइडचा मोठा डोस चालू असताना रोजा धरायचा का, हे डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारून ठरवा. सवलत घेणाऱ्या बाईला घरात कुणी टोमणा मारणार नाही, याची काळजी घरातल्या मोठ्यांनी घ्यावी.

५४ टक्के हा आकडा मोठा आहे, आणि त्यातल्या बहुतेकींना पालेभाजी, गूळ, गोळी यांनी बरं वाटेल. ज्यांना वाटणार नाही त्या मोजक्याच असतील, पण त्यांच्याकडे वेळही कमी असतो. आपल्या घरातली एखादी त्यांच्यातली आहे का, हे ओळखायची सुरुवात एका प्रश्नाने होते. पुढच्या वेळी कुणी ‘रक्त कमी आहे’ म्हणालं, तर डॉक्टरांना तो विचारा: ‘कशामुळे?’